चार बोटं बुटकी पेटी

१८ जानेवारी

वही नवीन, हात जुनाच. मागची वही समुद्राच्या दमट हवेने फुगली आणि वर सरसाचं डबडं सांडलं. आता ती खडखडणाऱ्या खिडकीत पाचर म्हणून बसवली आहे. मी काहीही वाया घालवत नाही, हे लोकांना सांगत फिरते ते निदान इथे तरी खरं झालं.

सकाळी माल्सुन सामचुन संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. आमच्या बेटावर वडीलधारं माणूस, बाई असो की बाप्या, नात्यातलं असो की परकं, सामचुनच म्हणवून घेतं. या सामचुन एक्याऐंशीच्या. साठ वर्षं समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढले. आता गुडघे कुरकुरतात म्हणून बुड्या बंद, पण तोंड चालू. रोज माझ्या कारखान्यातल्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसतात आणि माझ्या कामाची टर उडवतात. कारखाना म्हणजे संत्र्यांची जुनी वखार. वास अजून संत्र्यांचाच येतो.

"हे काय गं नवीन?"

"दिवा आहे, सामचुन. जाळ्याच्या फुटक्या बोयाचा."

"फुटक्या बोयाचा दिवा! आम्ही फाटक्या पोशाखाला ठिगळावर ठिगळ लावून समुद्रात उतरायचो, तेव्हा नाही कोणी फोटो काढायला आलं. आम्ही केलं की दारिद्र्य, तू केलंस की कला."

मी दिव्याची वायर बोयात ओवत राहिले. सोलमध्ये वीस वर्षं मी प्रदर्शनांचे मंडप रेखाटले. तीन दिवस लोक 'वा वा' करत फिरायचे आणि चौथ्या दिवशी सगळा मंडप कचऱ्याच्या ट्रकमध्ये. एकदा त्या ट्रकमागे धावत जाऊन मी एक फळी ओढून घेतली होती. ट्रकवाला म्हणाला, बाई, बरं वाटत नाही का? नव्हतंच वाटत. म्हणून परत आले.

येत्या पंचवीस तारखेला देव वर जातात. बेटावरच्या अठरा हजार देवांच्या बदल्यांचा हा आठवडा. जुने निघून जातात, नवे रुजू व्हायचे असतात, मधे खुर्ची रिकामी. एरवी घर बदललं, चूल हलवली, झाड तोडलं की देव रागावतात. या आठवड्यात रागवायला कोणी नसतंच. त्यामुळे अख्खं बेट एकदमच घरं बदलतं आणि गल्लोगल्ली सामानाचे ढीग लागतात. माझी वर्षाची सुगी.

सामचुनही हलणार आहेत. भाडं वर्षाचं एकदम द्यायचं असतं, ते याच आठवड्यात संपतं आणि मालकाला घर पाडून कॉफीचं दुकान काढायचं आहे. नवं घर खालच्या आळीत आहे एवढंच सांगितलं. "कोणतं ते आत्ता नाही सांगणार. आत पाय पडेपर्यंत नाव घेऊ नये."

मागच्या वर्षी मी इथे आले तेव्हा याच बाईंनी मला दारात अडवलं होतं. आधी तांदूळ आत, मग शेगडी, मग रात्रीचं भांडं, म्हणजे रात्री लघवीसाठी उशाशी ठेवायचं ते. बाकीचा पसारा नंतर. माझ्याकडे रात्रीचं भांडं कुठून असणार? शेवटी प्लास्टिकची बादली मानाने आत न्यायला लावली.

२५ जानेवारी

देव गेले. वारा मात्र राहिला.

आज जे सापडलं ते आधी लिहून काढते. नऊच्या सुमाराला हातगाडी घेऊन खालच्या आळीत गेले. निळ्या छपराचं एक बंद घर आहे, त्याच्या दगडी कुंपणाला लागून आळीतल्या सगळ्यांनी कचरा टाकलेला. गाद्या, गंजका हीटर, पाय मोडलेलं टेबल. सगळ्यांवर मोठा कचरा टाकायला पैसे भरून घ्यायची ती पालिकेची स्टिकरं. आणि फाटकापाशी, जरा बाजूला, एक पेटी. तिला स्टिकर नाही. म्हणजे स्टिकरसुद्धा न घेता चोरून टाकलेली.

नुती नावाच्या झाडाच्या कठीण लाकडाची, जुन्या पद्धतीची, मुली लग्नात न्यायच्या तसली. एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या बांबूच्या खुंट्या. लाकडाच्या रेषा अशा की बघत बसावं. एक कोपरा जळून काळा झालेला, पण तोही सुंदर. असली वस्तू रस्त्यावर टाकणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला.

आत पांढऱ्या फडक्यात बांधलेले मूठ-दोन मूठ तांदूळ होते. कोण विसरलं कोण जाणे. मी ते कुंपणावरून आत अंगणात उधळले. चिमण्यांची झुंबड उडाली. पेटीशेजारी एक पितळी भांडंही होतं, गोल, झाकणाचं. तेही घेतलं. घासून त्यात बांधावरची नर्गिसची फुलं ठेवली आहेत, फारच शोभतंय.

शहरातल्या चहाघराच्या हानबाईंनी खिडकीपाशी ठेवायला एक बाकडं मागितलंय. माझी पहिली मोठी ऑर्डर. तीन महिने मी त्यांना चित्रं पाठवतेय आणि त्या 'अजून काहीतरी कमी आहे' म्हणताहेत. कमी होतं ते हे लाकूड. दुपारपर्यंत पेटी सुटी केली. खालच्या कडा ओलीने मऊ पडल्या होत्या, म्हणून चारही फळ्या चार-चार बोटं कापल्या. वर्षभरात पहिल्यांदा काम करताना शीळ वाजवत होते.

२६ जानेवारी

सामचुन आल्या. मी फळ्या भिंतीला ओळीने लावून ठेवल्या होत्या, त्यांना दाखवायला मुद्दाम. त्या दारातच थांबल्या. मला वाटलं, चला, एकदा तरी बाईंची बोलती बंद केली.

"कुठे मिळालं गं हे?"

"खालच्या आळीत. कुणीतरी करंट्याने टाकून दिलेली पेटी."

"करंट्याने," त्या म्हणाल्या.

मग फळ्यांपाशी गेल्या. जळक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

"कापलीस?"

"चारच बोटं. बाकी सगळं वापरणार. हानबाईंचं बाकडं! सामचुन, रात्री झोप नाही लागली आनंदाने."

"हो, दिसतंय तुझ्या तोंडावर." तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. पितळी भांडं, त्यात फुलं. आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की खुर्चीची पाठ धरावी लागली. डोळ्यांतून पाणी. "अगं पोरी! अगं, ते रात्रीचं भांडं आहे!"

मीही हसले. फुलांना काय कळतंय, म्हटलं. त्यांचं डोळे पुसणं बराच वेळ चाललं.

जाताना एवढंच म्हणाल्या, "खुंट्या टाकू नकोस. तेलात उकळलेला बांबू आहे, आता कोणी करत नाही." मी त्या डब्यात भरून ठेवल्या. चहा न घेताच गेल्या. म्हातारपणी माणूस लवकर दमतं.

२७ जानेवारी

दुकानात मीठ आणायला गेले तर सामचुन काचेवरचा कुठलासा कागद नखाने खरवडून काढत होत्या. मला बघून त्याची घडी करून खिशात घातली. जुनी जाहिरात, म्हणाल्या. शेजारी त्यांचा भाचा चांगबोम उभा होता. साठीचा माणूस, पण रुसलेल्या पोरासारखं तोंड.

"मावशी, निदान पाच दिवस तरी राहू दे की तो!"

"चांगबोम, तोंड मीट."

२८ जानेवारी

सामचुन दोन दिवस आल्या नाहीत, म्हणून मीच डुकराच्या मटणाचं समुद्री शेवाळ घातलेलं सूप घेऊन गेले. घरात एकही खोकं बांधलेलं नाही! कपबशा फळीवर, गाद्या कोनाड्यात.

"हलायचं नाही का तुम्हाला?"

"बघू."

"बघू काय? शनिवारी आठवडा संपतो. देव आले की मग वर्षभर बसा. आणि इकडे मालक छप्पर उतरवणार."

"गुडघे दुखतात गं."

"गुडघे इथेही दुखतातच की! मी गाडी घेऊन येते, चांगबोम आहे, दोन खेपांत होईल. कशासाठी अडून बसलाय तुम्ही?"

त्या सूप पीत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकडं कुठवर आलं?"

सांगितलं की पाय बसले, आता घासायचं. फोटो बघून हानबाईंनी लिहिलंय, 'हेच!' सामचुनना एवढा आनंद झाला की माझा हात हातात घेऊन थोपटला. स्वतःचं घर राहिलं बाजूला आणि माझ्या बाकड्याची काळजी. हट्टीपणाला औषध नाही, दुसरं काय. येताना मी जरा रागावूनच आले.

३० जानेवारी

मेण आणायला शहरात जायचं होतं. बस यायला वेळ होता. थांब्याच्या खांबावर एक कागद वाऱ्याने फडफडत होता, म्हणून हाताने धरून वाचला.

'हरवली आहे. नुतीच्या लाकडाची पेटी. एक कोपरा जळलेला. २५ तारखेला सकाळी चांगल्या वेळेवर निळ्या छपराच्या घराच्या फाटकापाशी ठेवली होती, किल्ली आणायला गेलो तेवढ्यात गेली. आत तांदूळ होते. सोबत पितळी भांडं. कृपया परत करा. मावशी पेटीशिवाय नव्या घरात जाणार नाही. चांगबोम.'

बस आली आणि गेली.

तांदूळ. भांडं. फाटक. मागच्या वर्षी माझ्याच हातात बादली देऊन शिकवलेलं सगळं, आणि मला कळू नये? मला कळलं नाही कारण मला लाकूड दिसत होतं. जगात लोक वस्तू टाकतात आणि मी त्या वाचवते, हे मी स्वतःला इतकं पटवलंय की समोर ठेवलेली वस्तूही मला टाकलेलीच दिसली.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की जळका कोपरा बाकड्याच्या खालच्या अंगाला आहे, रंधा मारला की संपलं. कुणाला कळणार? दुसरा विचार, हानबाईंना आज संध्याकाळीच बाकडं पोचवावं. तिसरा, खरं सांगून टाकायचा विचार यायला सामचुनच्या घरापर्यंतचा सगळा चढ लागला.

सामचुन अंगणात मुळे चिरत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तुमची पेटी मी नेली. मी फोडली. बाकडं तिचंच आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "बस. वाऱ्यात उभी राहू नकोस."

मला रडू फुटलं. त्यांनी मुळ्याचा तुकडा माझ्या हातात दिला. मी रडत तो खाल्ला.

"मग बोलला का नाहीत?"

"मी आले तेव्हा कापून झालं होतं. बोलून काय उगवणार होतं? आणि वर्षभर तू त्या वखारीत बसून नुसती समुद्राकडे बघायचीस गं. मी रोज कशाला यायचे वाटतं तुला? तुझे दिवे बघायला? परवा तू शीळ वाजवत होतीस, रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. म्हटलं, लाकडाचा काहीतरी उपयोग झाला."

"पण घर?"

"पेटीच्या आधी मला आत जाता येत नाही. माझा पाय उचलत नाही, त्याला मी काय करू?" मुळ्याची सालं गोळा करता करता बोलत होत्या. "सैनिकांनी गाव जाळलं त्या वर्षी मी पाच वर्षांची. आईने घरातून दोनच गोष्टी बाहेर ओढल्या. एक ती पेटी आणि एक मी. त्यानंतर जिथे राहिलो तिथे आधी ती आत गेली, मग आम्ही."

मीही सालं गोळा करू लागले. मग मी म्हटलं, "सामचुन, सगळ्या फळ्या आहेत. खुंट्याही आहेत. शनिवारपर्यंत पेटी पुन्हा उभी करते. पण चार बोटं बुटकी होईल. ते परत नाही आणता येणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या वाकलेल्या पाठीकडे अंगठा केला. "मी नाही झाले चार बोटं बुटकी? शोभेल मला."

३१ जानेवारी

सकाळी हानबाईंना फोन केला. बाकडं होणार नाही म्हटलं. कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा बेभरवशाच्या माणसाला आपण पुन्हा काम देणार नाही. त्यांचं काही चुकलं नाही. मी वाईट वाटून घ्यायला वेळ काढला नाही.

सामचुन खुर्चीत, मांडीवर खुंट्यांचा डबा. मी हात पुढे केला की एकेक खुंटी देत होत्या. मधे मधे शेरे. "वाकडी बसली." "नाही बसली वाकडी." "माझी आई असती तर कान उपटला असता." फळ्या एकमेकींत अडकवणारे दाताचे सांधे उलगडताना मी दोन ठिकाणी तोडले होते, तिथे जुन्या बोटीच्या फळीचे तुकडे बसवले. लपवायचा प्रयत्न केला नाही. नव्याचा रंग वेगळा दिसतो. सामचुनच्या बुडीच्या पोशाखावरची ठिगळं अशीच दिसायची.

संध्याकाळी झाकण बसलं. उघडताना पूर्वी कसा आवाज यायचा ते मला माहीत नव्हतं. त्यांनी उघडलं, बंद केलं, उघडलं. "हाच," म्हणाल्या.

कापलेल्या चार पट्ट्या भिंतीशी उभ्या होत्या. मी विचारलं, "यांचं काय करू, सामचुन?"

"विचारतेस? शिकलीस मग."

१ फेब्रुवारी

देवांचा परतीचा दिवस. सकाळपासून इतका वारा की चांगबोमची टोपी दोनदा उडाली. सामचुनचं सगळं सामान गाडीवर बांधलं, सगळ्यात पुढे पेटी. निळ्या छपराच्या घरापाशी पोचलो. फाटक उघडं, शेगडी हातात घेऊन चांगबोम तयार, पितळी भांडं माझ्याकडे. फुलं मी काढायला गेले तर सामचुन म्हणाल्या, राहू दे, इथे फुलं कशात ठेवतात ते नव्या देवांनाही कळू दे.

आणि फाटकात त्या थांबल्या. पाऊल उचलेचना.

"काय झालं, मावशी?"

"तांदूळ," त्या हळू म्हणाल्या. "ते पंचवीस तारखेच्या सकाळी, दहाच्या आत जायला हवे होते. तेवढीच वेळ चांगली निघाली होती. पेटी काय, उशिरा गेली तरी चालेल. तांदळाची वेळ गेली."

चांगबोमने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तांदळांबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. राहिलेली एकच कबुली, तीही दारात द्यायची वेळ आली.

"ते मी चिमण्यांना टाकले, सामचुन. माफ करा."

"कुठे टाकलेस?"

"कुंपणावरून."

"कोणत्या?"

मी हात केला. "या. आत, अंगणात."

"किती वाजता?"

"नऊ, सव्वानऊ."

सामचुन कुंपणाच्या दगडांकडे बघत राहिल्या. पलीकडे संत्र्याच्या झाडात चिमण्यांचा कलकलाट चालू होता. त्यांचा चेहरा आधी गंभीर होता, मग ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा.

"चांगबोम, ऐकलंस? तांदूळ वेळेवर आत गेले. आपल्या दोघांना किल्ली मिळेना आणि या पोरीने भिंतीवरून माझा गृहप्रवेश उरकून टाकला!"

मग म्हणाल्या, उभे काय राहिलात, उचला. मी भांडं खाली ठेवून एक बाजू धरली, चांगबोमने शेगडी ठेवून दुसरी. पेटी चार बोटं बुटकी असल्यामुळे फाटकातून वाकडी न करता सरळ आत गेली. तिच्यामागून, गुडघ्यावर हात ठेवत, सामचुन आत गेल्या.